बावन्नावा आठवडा

१९ फेब्रुवारी २०१२ रोजी संपलेल्या आठवड्यात अमेरिकेत एका अल्बमच्या ७ लाख ३० हजार प्रती विकल्या गेल्या. आकडा मोठा आहेच, पण खरी नवलाई तारखेत आहे. तो अल्बम अमेरिकेच्या दुकानांत येऊन तेव्हा जवळजवळ वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षभरातली सगळ्यात मोठी साप्ताहिक विक्री त्याने बावन्नाव्या आठवड्यात केली.

संगीताच्या धंद्यात हे उफराटं आहे. तिथलं गणित आपल्या सिनेमासारखंच असतं. पहिला शुक्रवार ते रविवार काय तो गल्ला, पुढे उतार. अल्बम येतो, चाहते पहिल्याच आठवड्यात तुटून पडतात, दुसऱ्या आठवड्यात विक्री निम्म्याहून खाली येते, आणि दोन-तीन महिन्यांत त्याचं नाव यादीच्या तळाशी जातं. ॲडेल या इंग्रज गायिकेचा दुसरा अल्बम ‘२१’ या वाटेने गेला नाही. अमेरिकेत त्याने पहिल्या आठवड्यात ३ लाख ५२ हजार प्रती विकल्या, आणि वर्षाने त्याच्या दुप्पट.

ॲडेल लॉरी ब्लू ॲडकिन्स ५ मे १९८८ रोजी उत्तर लंडनच्या टॉटनहॅम भागात जन्मली. आईने तिला एकटीने वाढवलं. क्रॉयडनच्या ब्रिट स्कूल या कलाशिक्षण देणाऱ्या सरकारी अनुदानावरच्या शाळेतून ती २००६ साली बाहेर पडली. शाळेसाठी केलेली तिची काही गाणी एका मित्राने मायस्पेस या संकेतस्थळावर टाकली होती, ती ‘एक्सएल रेकॉर्डिंग्ज’ या कंपनीच्या कानावर गेली. एक्सएल ही १९८९ साली निघालेली स्वतंत्र कंपनी. सुरुवातीला ती रेव्ह पार्ट्यांमधलं नाचाचं संगीत काढायची, पुढे प्रॉडिजी आणि डिझी रॅस्कल यांच्यासारखी मंडळी तिच्याकडे आली. बॅलड गाणारी मुलगी या घरात जरा परकीच होती. तिचा पहिला अल्बम ‘१९’ जानेवारी २००८ मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत तो रेंगाळला होता. त्या ऑक्टोबरात ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाच्या ज्या भागात ती गायली, त्याच भागात निवडणुकीच्या ऐन धामधुमीत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन पाहुण्या म्हणून आल्या. त्यांना बघायला देशभर टीव्ही लागले होते. पेलिनबाईंसाठी बसलेल्या लोकांनी ही मुलगीही ऐकली आणि अल्बम वर सरकला. फेब्रुवारी २००९ मध्ये तिला दोन ग्रॅमी मिळाल्या. त्यातली एक ‘सर्वोत्तम नवोदित कलाकार’ म्हणून होती.

त्यानंतर प्रश्न होता दुसऱ्या अल्बमचा. पहिल्या पुस्तकात लेखक आयुष्यभराचं साठवलेलं ओततो आणि दुसऱ्यासाठी त्याला वर्ष-दोन वर्षं मिळतात, हे आपल्याकडच्या कादंबरीकारांनाही ठाऊक आहे. पॉप गायकांचं तसंच होतं, वर पहिल्या यशाचं ओझं डोक्यावर. ॲडेलने २००९ च्या वसंतात काम सुरू केलं, ‘टेक इट ऑल’ नावाचं एक गाणं झालं आणि गाडी अडली.

अडलेली गाडी सोडवली ती एका मोडलेल्या नात्याने. लंडनचा निर्माता पॉल एपवर्थ याच्याबरोबर तिचं आधीच काम ठरलं होतं, आणि ती स्टुडिओत पोचली ती प्रियकराशी फाटल्याच्या ताज्या जखमेसह. मी नसलो तर तुझं आयुष्य कंटाळवाणं आणि एकाकी होईल, असं काहीतरी तो बोलून गेला होता. तिला रडगाणं लिहायचं होतं, एपवर्थला मात्र या मुलीतला राग हवा होता. त्यातून ‘रोलिंग इन द डीप’ निघालं. सुरुवातीला नुसती गिटारची खुटखुट, मग पायाने जमीन तुडवावी तसा ठेका. हा ठेका आपल्या छातीतल्या धडधडीवरून आला, असं तिने पुढे सांगितलं आहे. एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या वेळी कच्च्या ध्वनिमुद्रणासाठी म्हणून ती जे गायली, तोच आवाज पक्क्या गाण्यात राहिला. नंतर शांत डोक्याने गाऊन तो राग परत आला नाही.

गाण्यांचा बाज बदलण्यामागे एक बसचालकही आहे. ‘१९’च्या अमेरिका दौऱ्यात तिच्या बसचा चालक दक्षिणेकडचा होता, आणि त्याच्याकडून तिला कंट्री, ब्लूज आणि रॉकाबिलीची गाणी ऐकायला मिळाली. रॉकाबिली गायिका वांडा जॅक्सनचं नाव तिला तेव्हा कळलं. कंट्री गाण्यात गोष्ट सरळ सांगितलेली असते. कोण होतं, काय झालं, कुठे दुखलं, हे तिथे आडवळणाने येत नाही. ‘२१’मधली शब्दरचना ‘१९’पेक्षा उघडी आहे ती बरीचशी या शाळेमुळे. टॉटनहॅमच्या मुलीच्या तोंडी अमेरिकन दक्षिणेचा सूर आला, आणि अमेरिकेला ती बाहेरची वाटली नाही, हे यशाचं एक कारण मानायला हरकत नाही.

पुढचं काम कॅलिफोर्नियात झालं. मालिबूच्या शांग्रीला स्टुडिओत रिक रुबिन या नावाजलेल्या निर्मात्याने सगळे वादक एका खोलीत बसवून गाणी मुद्रित केली. बेसवर पिनो पॅलाडिनो, ड्रम्सवर ख्रिस डेव्ह, म्हणजे तालेवार मंडळी. एवढं करून अखेरच्या अल्बममध्ये रुबिनची चारच गाणी राहिली. बाकीच्या ठिकाणी ॲडेलने आधीचे कच्चे नमुने आणि इतरांची कामं पसंत केली. रुबिनसारख्या माणसाचं काम बाजूला ठेवायला एकविशीतल्या मुलीला काय धैर्य लागलं असेल, याचा विचार मी अधूनमधून करतो. त्याच्या चारांपैकी एक म्हणजे ‘क्युअर’ या बँडच्या ‘लव्हसाँग’चं बोसा नोवा रूप. ती मांडणी मुळात बार्ब्रा स्ट्रायझँडसाठी बेतलेली होती.

आणि मग ‘समवन लाइक यू’. सेमिसॉनिक बँडचा डॅन विल्सन आणि ॲडेल यांनी लॉस एंजेलिसच्या एका छोट्या स्टुडिओत ते दोन दिवसांत केलं. पहिल्या दिवशी गाणं अर्धंच झालं होतं. अर्धवट गाणं कोणाला ऐकवू नकोस, असं विल्सनने बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली की मॅनेजरला ऐकवलं, त्याला आवडलं. आईला ऐकवलं, ती रडली. पुढे जगभर जे होणार होतं त्याची ही रंगीत तालीमच म्हणायची. गाण्यात पियानो आणि गळा, एवढंच आहे. ड्रम नाही, बेस नाही, व्हायोलिनचा ताफा नाही. आपल्याकडे गजाननराव वाटवे पेटी पुढ्यात घेऊन भावगीत गात, तेव्हा श्रोत्यांना आणखी काही लागत नसे. २०१० च्या पॉपमध्ये मात्र ही कमाईच्या विरुद्ध दिशेची चाल होती. रेडिओवर तेव्हा नाचाच्या क्लबचा दणदणाट आणि ऑटोट्यूनने ताणलेले गळे चालले होते.

‘२१’ ब्रिटनमध्ये २४ जानेवारी २०११ रोजी आला, अमेरिकेत २२ फेब्रुवारीला. मुखपृष्ठावर कृष्णधवल छायाचित्र, डोळे मिटलेली ॲडेल, बस्स. समीक्षकांनी स्वागत केलं, पण डोक्यावर घेऊन नव्हे. अनेक परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याला शंभरापैकी ७६ मिळाले. म्हणजे चांगला अल्बम, पण युगप्रवर्तक कोणी म्हटलं नाही. आवाजाबद्दल दुमत नव्हतंच. कुरकुर होती ती जुन्या सोल संगीताच्या छायेबद्दल आणि काही गाण्यांच्या गुळगुळीतपणाबद्दल. ती कुरकुर अगदीच बिनबुडाची नव्हती. ‘सेट फायर टू द रेन’ची मांडणी मलाही जरा भरजरीच वाटते. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने सुरुवातीला पाचापैकी साडेतीन तारे दिले आणि वर्षाअखेर त्याच अल्बमला २०११ च्या यादीत पहिला क्रमांक दिला. कोणी चुकलं होतं असं नाही. परीक्षक अल्बम दोन-चारदा ऐकून लिहितो. हा अल्बम माणसाजवळ राहिल्यावर वाढत होता, आणि त्याचा अनुभव परीक्षकांनीही बाकीच्यांबरोबरच घेतला.

१५ फेब्रुवारी २०११ ची रात्र. लंडनच्या ओ-टू अरीनात ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारांचा सोहळा. अशा रात्री मंचावर आगीचे लोळ, नर्तकांच्या पलटणी, आकाशातून उतरणारे गायक, सगळं असतं. ॲडेल काळ्या पोशाखात उभी राहिली, बाजूला एक पियानो आणि एक वादक. हजारोंच्या सभागृहात ती ‘समवन लाइक यू’ जवळजवळ हलल्याशिवाय गायली. शेवटाकडे आवाज किंचित फाटला, गाणं संपताच तिने चेहरा वळवला आणि डोळे पुसले. लोक उठून उभे राहिले. तोपर्यंत ते गाणं ब्रिटनच्या एकेरी गाण्यांच्या यादीत ४७ व्या स्थानावर होतं. पुढच्या यादीत ते पहिलं आलं.

त्या आठवड्यात आणखी एक घडलं. एकेरी गाण्यांच्या पहिल्या पाचांत तिची दोन गाणी, आणि अल्बमच्या पहिल्या पाचांत तिचे दोन अल्बम. लोक ‘२१’ घेता घेता मागे वळून ‘१९’ही घेत होते. हयात कलाकाराने असं करण्याची ही १९६४ मधल्या बीटल्सनंतरची पहिलीच वेळ. ‘२१’ सलग ११ आठवडे ब्रिटनच्या यादीत अव्वल राहिला. गायिकेने सलग अव्वल राहण्याचा आधीचा विक्रम मॅडोनाच्या नावावर होता, नऊ आठवड्यांचा. एप्रिलमध्ये फू फायटर्सच्या अल्बमने त्याला खाली ओढलं, पण तो परत वर आला. असा येत-जात तो एकूण २३ आठवडे पहिला होता. त्या एका वर्षात ब्रिटनमध्ये त्याच्या ३७ लाखांहून अधिक प्रती गेल्या. एका कॅलेंडर वर्षात तिथे ३० लाखांचा टप्पा ओलांडणारा हा पहिलाच अल्बम.

अमेरिकेतली चढण अधिक सावकाश होती. ‘रोलिंग इन द डीप’ मे महिन्यात तिथल्या गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, म्हणजे प्रकाशनानंतर सहा महिन्यांनी, आणि सात आठवडे तिथे बसलं. ते रॉकच्या रेडिओवर वाजलं, प्रौढांच्या हळुवार गाण्यांच्या केंद्रांवर वाजलं, नाचाच्या क्लबांतही वाजलं. एरवी या तिन्ही ठिकाणच्या श्रोत्यांचं आपसात पटत नाही. सप्टेंबरमध्ये ‘समवन लाइक यू’ आलं, आणि नुसत्या पियानो-गळ्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर बसण्याची ती पहिलीच वेळ ठरली.

याच वर्षी मे महिन्यात लेडी गागाचा ‘बॉर्न धिस वे’ आला. पहिल्या आठवड्यात ११ लाखांवर प्रती. त्यातल्या काही लाख ॲमेझॉनने ९९ सेंटला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने पंचेचाळीसेक रुपयांना, विकल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात विक्री १ लाख ७४ हजारांवर आली. गागाचा अल्बम वाईट होता असं अजिबात नाही, धंद्याचा नेहमीचा उतार असाच असतो. अधूनमधून कोणीतरी नवा येऊन ‘२१’ला बाजूला सारायचा, चाहत्यांची झुंबड ओसरायची, आणि धूळ खाली बसली की ‘२१’ पुन्हा वर दिसायचा. अमेरिकेत तो एकूण २४ आठवडे पहिला राहिला. व्हिटनी ह्यूस्टनच्या ‘द बॉडीगार्ड’चे वीस आठवडे त्याने मागे टाकले आणि प्रिन्सच्या ‘पर्पल रेन’शी बरोबरी केली. २०११ मध्ये तिथे त्याच्या ५८ लाख २० हजार प्रती विकल्या गेल्या. वर्षात ५० लाख ओलांडणारा २००४ मधल्या अशरच्या ‘कन्फेशन्स’नंतर तो पहिलाच. २०१२ मध्ये आणखी ४४ लाख १० हजार, आणि पुन्हा वर्षाचा सर्वाधिक खपाचा मान. लागोपाठ दोन वर्षं हा मान मिळवणं याआधी मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ला जमलं होतं, १९८३ आणि १९८४ मध्ये.

एवढा खप चालू असताना गायिका मात्र गात नव्हती, हे या कथेतलं सगळ्यात चमत्कारिक. २०११ च्या उन्हाळ्यात घशाच्या दुखण्याने तिला अमेरिकेचा दौरा सोडावा लागला. सप्टेंबरात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तिने एक मैफल केली, ती ध्वनिचित्रफितीवर आली. ऑक्टोबरात स्वरतंतूंत पुन्हा रक्तस्राव झाला आणि उरलेले सगळे कार्यक्रम रद्द झाले. नोव्हेंबरमध्ये बोस्टनला लेसरने शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर काही आठवडे बोलायचंही नाही, असं ठरलं. एरवी अल्बम विकायचा तर गायकाने गावोगाव फिरायचं असतं, इथे विक्रेती घरी गप्प बसली होती आणि दुकानात रांग होती.

त्याच नोव्हेंबरात ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ने एक प्रहसन केलं. कचेरीतली एक बाई रडायचंय म्हणून ‘समवन लाइक यू’ लावते, मग एकेक सहकारी येऊन तिच्यात सामील होतो. लोक हसले कारण खरं होतं ते. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने याचं शास्त्र शोधायचा प्रयत्न केला. त्यात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांच्या जुन्या अभ्यासाचा दाखला होता. संगीतातल्या नेमक्या कोणत्या जागांवर डोळे भरतात हे त्यांनी श्रोत्यांना विचारलं होतं. अशा वीस जागा निघाल्या, आणि त्यांपैकी अठरांत ‘अपोजातुरा’ होती. पाश्चात्त्य संगीतातला हा अलंकार. स्वरमेळात न बसणारा शेजारचा सूर क्षणभर वजन देऊन धरायचा, कान अस्वस्थ होतो, मग गायिका हव्या त्या सुरावर उतरते आणि सुटल्यासारखं वाटतं. आपला कणस्वर याचा जवळचा नातलग, फक्त कणस्वर ओझरता स्पर्श करून जातो आणि अपोजातुरा त्या सुरावर रेलते. मैफलीत गवई षड्जावर येण्याआधी निषादावर थांबतो तेव्हा आपल्याही घशात जो आवंढा अडकतो, तो याच जातीचा. ‘समवन लाइक यू’च्या ध्रुवपदात ॲडेल लांबलेल्या सुरांच्या शेवटी आवाज असा वळवते, असं त्या लेखाचं म्हणणं. एका अलंकारावर तीन कोटींचा खप चढवायचा, हे मला पटत नाही. पण ध्रुवपद सुरू होताना ती आवाज एकदम वरच्या पट्टीत नेते आणि पियानो खाली तसाच शांत चालू राहतो, त्या जागी काहीतरी होतं खरं.

१२ फेब्रुवारी २०१२. लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमीचा सोहळा, आणि आदल्याच दिवशी शेजारच्या बेव्हर्ली हिल्समध्ये व्हिटनी ह्यूस्टन गेलेली. सभागृहावर सावट होतं. शस्त्रक्रियेनंतर ॲडेल पहिल्यांदा लोकांसमोर गाणार होती आणि आवाज परत आला आहे का, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. ‘रोलिंग इन द डीप’ तिने सुरुवातीला साथीशिवाय उचललं. आवाज होता. सहा नामांकनं होती, सहाही पुरस्कार तिला मिळाले, त्यात वर्षातला सर्वोत्तम अल्बम, सर्वोत्तम ध्वनिमुद्रण आणि सर्वोत्तम गीत हे तिन्ही मोठे. एका रात्रीत सहा ग्रॅमी घेण्याच्या बियॉन्सेच्या गायिकांमधल्या विक्रमाशी बरोबरी झाली. अखेरचा पुरस्कार घेताना ती नाक पुसत, रडत, मंचावरून आईला हाक मारत बोलली. त्या आठवड्यात अमेरिकेतली विक्री २ लाख ३७ हजारांवरून ७ लाख ३० हजारांवर गेली. लेखाच्या सुरुवातीचा बावन्नावा आठवडा तो हाच.

हे सगळं विकत कोण घेत होतं? माझ्या मते उत्तर असं, की ज्यांनी अल्बम विकत घेणं सोडलं होतं ते. २०११ पर्यंत गाणी फुकट उतरवून घेणाऱ्यांची एक पिढी मोठी झाली होती, आणि तिच्या आईबापांनी सीडीच्या दुकानात जाणं बंद केलं होतं. ‘२१’ने आईबापांना परत आणलं. मुलीने गाणं लावलं, आईने विचारलं कोण गातंय, आणि आईने सुपरमार्केटच्या रांगेत सीडी उचलली, असा हा प्रवास. विरहाला वयाची अट नसते, आणि या अल्बममध्ये तरुणांची परिभाषा अशी जवळजवळ नाहीच. भर म्हणून कंपनीने तो स्पॉटिफायवर ठेवला नाही. जून २०१२ पर्यंत, म्हणजे जवळपास सतरा महिने, ऐकायचा तर विकत घ्या, असा मामला होता. छोट्या कंपनीला हे परवडलं, कारण माल असा होता की गिऱ्हाईक रुसून गेलं नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत एक कोटीचा ‘डायमंड’ टप्पा पार झाला. जगभरातला आकडा ३ कोटी १० लाखांच्या पुढे गेला. ब्रिटनमध्ये ५० लाखांहून जास्त प्रती खपून या शतकातला तिथला सर्वाधिक खपाचा अल्बम तो ठरला. २०२० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने सार्वकालिक ५०० अल्बमची नवी यादी केली, तिच्यात साडेतीन ताऱ्यांचा हा अल्बम १३७ वा होता.

तिसरा अल्बम ‘२५’ यायला २० नोव्हेंबर २०१५ उजाडला. अमेरिकेत पहिल्या सात दिवसांत त्याच्या ३३ लाख ८० हजार प्रती गेल्या. इन सिंक या बँडचा २००० सालचा २४ लाखांचा विक्रम त्याने मोडला, जो आता कधीच मोडणार नाही असं धंद्यातली माणसं धरून चालली होती. एवढ्या प्रती विकायला ‘२१’ला कित्येक महिने लागले होते.